पन्नास जणांच्या सह्या

मानेला भाजलेल्या पेशंटच्या डोक्याखालची उशी काढून घेणं, हे मी जळीत वॉर्डात शिकलेलं पहिलं काम. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका रुग्णालयात रुजू झाले होते आणि हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नाही, वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं. नातेवाईक घरून उशी घेऊन येतात, मायेनंच आणतात. डोकं जरा उंच झालं की हनुवटी खाली झुकते, गळ्यावरचा ताण कमी होतो, पेशंटला बरं वाटतं. पण जखम भरताना कातडी आखडत असते, आणि ज्या अवस्थेत बरं वाटतं त्याच अवस्थेत ती आखडून बसते. काही आठवड्यांत हनुवटी छातीला जखडल्यासारखी होते. खालचा ओठ ओढला जातो, तोंड मिटत नाही, लाळ गळत राहते. मग त्या बाईला मान वर करता यावी म्हणून पुन्हा ऑपरेशन, पुन्हा मांडीची कातडी काढून गळ्यावर लावणं, पुन्हा पट्टे. "ताई, उशी काढा आणि टॉवेलची गुंडाळी खांद्याखाली सरकवा. रडेल ती, पण काढा," असं मावशी म्हणाल्या होत्या. त्या सातवी शिकलेल्या होत्या.

जळीत उपचारांच्या राष्ट्रीय संघटनेविषयी लिहायला बसले तर आधी ही उशीच आठवली, कारण या सगळ्या प्रश्नाची मेख तिथंच आहे. अशी संघटना असावी का, यावर आता कुणाचं दुमत नसावं. आपल्या देशात नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ बर्न्स इंडिया आहे, इंडियन जर्नल ऑफ बर्न्स नावाचं तिचं नियतकालिक निघतं. माझा प्रश्न पुढचा आहे. जळीत उपचारांची देशपातळीवरची कुठलीही संघटना, आजची असो की उद्या कुणी काढेल ती असो, कुणाच्या वतीनं बोलते? मला वाटतं, तिच्यात उशी काढणाऱ्या मावशींना आणि जिची उशी काढली त्या बाईला मत असल्याशिवाय तिनं स्वतःला राष्ट्रीय म्हणवून घेऊ नये.

आधी हे बघू की वेगळी संघटना लागलीच का. सर्जनांची संघटना होती, प्लास्टिक सर्जनांची तर आपल्याकडे १९५७ पासून आहे. पण भाजलेला माणूस कुठल्याच एका शाखेचा होत नाही. पहिल्या दिवशी त्याचा जीव सलाईनवर असतो. शरीराचा वीसेक टक्क्यांहून जास्त भाग भाजला की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून जातं, आणि किलोतलं वजन गुणिले भाजल्याचे टक्के गुणिले चार असा मिलिलिटरचा हिशेब मांडून, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यावं लागतं. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, वॉर्डात आल्यापासून नाही. इंदापूरकडून किंवा नगरकडून निघालेला पेशंट दोन ठिकाणी चिठ्ठ्या घेत पुण्यात पोचेपर्यंत त्यातले पाच-सहा गेलेले असतात. आठवडाभरानं सामना जंतुसंसर्गाशी असतो, मग ग्राफ्टिंग, म्हणजे दुसरीकडची कातडी जखमेवर लावणं, मग सांधे. आणि या सगळ्या काळात पोट. भाजलेलं शरीर स्वतःचेच स्नायू जाळून खातं, त्याला रोज अंडी, दूध, डाळ असं भरपूर प्रथिनयुक्त खाणं लागतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी काकू सांगून जाते की अंडी गरम पडतात, जखमेत पू होईल. त्या काकूंशी वाद घालणं हाही उपचाराचाच भाग आहे. तो सिस्टर करतात.

म्हणजे फिजिशियन, भूलतज्ज्ञ, सर्जन, जंतुशास्त्र बघणारे, आहारतज्ज्ञ, फिजिओ, नर्स, समाजसेवा अधीक्षक, मनाकडे बघणारं कुणीतरी. या सगळ्यांना आपापल्या शाखेतल्या लोकांपेक्षा एकमेकांशी बोलण्याची गरज जास्त वाटायला लागली, तेव्हाच जगात अशा संघटना निघाल्या, असं मला इतिहास बघून वाटतं. १९४२ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. तिथून वाचलेल्यांवर उपचार करताना भाजलेल्या माणसाला द्यायचं पाणी आणि धुरानं होरपळलेली फुप्फुसं यांच्याविषयी डॉक्टर पुष्कळ शिकले. १९५१ मध्ये एडिंबराच्या वॉलेस यांनी शरीराचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग मोजायची पद्धत मांडली. वर्तमानपत्रात आपण 'साठ टक्के भाजली' असं वाचतो तो आकडा बहुतेक वेळा त्याच मोजणीतून आलेला असतो. त्याच एडिंबरामध्ये १९६५ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९६७ मध्ये अमेरिकन बर्न असोसिएशन, १९६८ मध्ये ब्रिटिश. मग १९७० मध्ये युगोस्लाव्हियातल्या मारिबोर शहरातल्या सर्जन झोरा यान्झेकोविच यांनी दाखवून दिलं की मेलेली कातडी आपोआप सुटायची वाट न बघता पहिल्या काही दिवसांतच पातळ थरांनी तासून काढली आणि लगेच ग्राफ्ट लावलं, तर माणूस जास्त लवकर आणि जास्त चांगला बरा होतो. राजधानीपासून दूरच्या शहरातल्या एका बाईची ही पद्धत जगभर गेली. माहिती फिरण्यासाठी रस्ता असावा लागतो आणि संघटना हा तो रस्ता असतो, एवढं मी मान्य करूनच पुढं जाते.

आपल्याकडूनही त्या रस्त्यावर काही गेलं आहे. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून भाजलेल्या जखमा झाकल्या. सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरलं, त्यावरचे निबंध २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ते काढताना पेशंट किंचाळत नाही. ज्यानं कधी वाळलेलं गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, ओढताना बाईचा आवाज ऐकला आहे त्याला यातलं मोल सांगावं लागणार नाही. पण विचार करा, पानं धुवून, कापून, चिकटवून, गुंडाळून, निर्जंतुक करून रोज सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर तयार ठेवणं हे एकट्या सर्जनच्या हातून होणारं काम आहे का? असा शोध म्हणजे अख्खा वॉर्ड असतो.

या ठिकाणी मला आपल्या शहराची एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण संघटना कशी काढावी हे पुण्याला बाहेरून शिकायची गरज नाही. १८७० साली पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यातून सार्वजनिक सभा निघाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे आधारस्तंभ. या सभेचा एक नियम मला फार मोठा वाटतो. सभासद व्हायचं तर निदान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तुमची पदवी काय, वतन केवढं, हे सांगून भागत नसे. आमच्या वतीनं यानं बोलावं असं म्हणणारी पन्नास माणसं दाखवावी लागत. दीडशे वर्षांपूर्वी, जेव्हा या देशात जवळजवळ कुणालाच मताचा अधिकार नव्हता, तेव्हा पुण्यातल्या लोकांनी प्रतिनिधी या शब्दाचा इतका काटेकोर अर्थ लावला.

हा नियम जळीत उपचारांच्या संघटनेला लावून बघा. सभासदत्वाच्या अर्जाला जोडायच्या कागदांत वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, पदव्युत्तर पदवीची प्रत, हे डॉक्टरांनी जोडावंच. त्याबरोबर, ज्यांच्यावर आपण उपचार केले, ज्यांचं ड्रेसिंग केलं, ज्यांचे सांधे हलवले, अशा पन्नास जणांच्या सह्याही मागितल्या तर? आज सभागृहात मागच्या रांगेत बसणाऱ्या कितीतरी सिस्टर्स त्या दिवशी पुढच्या रांगेत येतील.

नर्सच्या मताबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. आपल्याला मुळात किती माणसं भाजतात हेच धड माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, भारतात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००९ मध्ये एक अभ्यास आला होता. २००१ या एका वर्षात भारतात आगीनं सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले असावेत, असा त्यातला अंदाज होता. पोलिसांच्या आकड्याच्या हा सहापट. त्यात एक लाखाहून जास्त बायका, बहुतेक पंधरा ते चौतीस या वयातल्या. या अंदाजाची आकडेमोड कुणाला थोडी इकडेतिकडे वाटेल. पण एका देशात सरकारी आकडा आणि अभ्यासकांचा अंदाज यांत सहापट फरक पडू शकतो, याचा अर्थ त्या बायकांची मोजणीच झाली नाही.

का झाली नाही, ते वॉर्डात कळतं. भाजलेला प्रत्येक पेशंट पोलिसांकडे कळवावा लागतो. हवालदार येतात, गंभीर असेल तर मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी येतात. पलंगाशी सासू उभी असते, नवरा दाराबाहेर असतो, तान्हं मूल जावेच्या कडेवर. आणि बाई सांगते, "स्टोव्हचा भडका उडाला." माझ्या सुरुवातीच्या वर्षांत हे एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते रडण्यासारखंच त्या वॉर्डाचा आवाज होऊन गेलं होतं. काही वेळा ते खरंही असायचं, पंपाचा स्टोव्ह खरोखरच वाईट वस्तू होती. पण कधी कधी अठराव्या-विसाव्या दिवशी, ड्रेसिंगच्या खोलीत, दार लावलेलं असताना, तीच बाई सिस्टरला वेगळं काहीतरी सांगायची. सिस्टर ते ऐकून घ्यायच्या. मग ते कुठं जायचं? केसपेपरवर त्यासाठी रकाना नसतो. सिस्टरच्या मनातच ते राहायचं आणि त्या निवृत्त झाल्या की त्यांच्याबरोबर घरी जायचं.

म्हणून कुठल्याही राष्ट्रीय संघटनेचं पहिलं काम देशभराची जळीत नोंदवही हे असलं पाहिजे, असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा नोंदणीचा नमुना तयार केलेला आहे, शून्यापासून सुरुवात करायची नाही. पण नोंद भरणार कोण? रात्री दोन वाजता, पंचवीस-तीस पेशंटमागे दोन सिस्टर असताना? ती नोंदवही कोणत्या सर्जननं आपल्या केबिनमध्ये बसून आखली तर तिला सत्तर रकाने असतील आणि महिन्याभरात त्यातले साठ कोरे राहायला लागतील. रात्रपाळी केलेल्या बाईला आखायला बसवलं तर ती बारा रकान्यांत सगळं बसवेल. आणि त्यातला एक, 'तीन आठवड्यांनंतर पेशंटनं काय सांगितलं', हा तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. अर्थात पेशंटची संमती, गुपित राखणं, कायद्याची बाजू, हे सगळं नीट ठरवूनच. ते ठरवायलाच संघटना हवी.

आता स्टोव्ह शहरातल्या घरांतून जवळजवळ गेला. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेनं खेड्यांतही गॅस पोचवला. पण आग दुसरीकडे सरकली आहे. ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली, सतरा कामगार गेले, त्यात बहुसंख्य बायका. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत आग लागली, तिथंही बायकाच. पहिल्या दिवशी बातमीत सहा मृत्यू होते. पुढच्या दिवसांत भाजलेल्यांपैकी एकेक जण रुग्णालयात जात राहिली आणि आकडा वाढत गेला, पण तोवर बातमी आतल्या पानावर गेली होती. जळिताचा मृत्यू असा असतो. पुष्कळदा तो आगीच्या दिवशी होत नाही, दहाव्या दिवशी होतो, पंचविसाव्या दिवशी होतो. तेव्हा पलंगाशी नातेवाईक आणि वॉर्डातली माणसं असतात, कॅमेरे नसतात. त्या पंचविसाव्या दिवशी देशाच्या पातळीवर बोलणारं कुणीतरी पाहिजे. 'अजून तिघी गेल्या, आणि अशा कारखान्यांची तपासणी अजून झालेली नाही', असं पत्रक काढणारं कुणीतरी पाहिजे.

कायद्यातलीही एक गोष्ट आहे, तिच्याकडे समाजसेवा अधीक्षकांनी माझं लक्ष वेधलं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अ‍ॅसिड हल्ला झालेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो योग्यच आहे, त्या मुलींनी आणि त्यांच्या वकिलांनी लढून मिळवला आहे. पण अ‍ॅसिडऐवजी रॉकेलनं जिचा चेहरा गेला तिच्यासाठी त्या यादीत वेगळी जागा नाही. हातापायांच्या हालचालीत ठरावीक टक्के उणेपणा दाखवता आला तर प्रमाणपत्र, नाहीतर काही नाही. चेहरा बघून दुकानात कामावर ठेवत नाहीत, शाळेतली मुलं घाबरतात, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, पण सांधे हलतात. या बायकांसाठी कायद्यात दुरुस्ती मागायला कोण जाईल? शस्त्रक्रियेच्या परिषदेत हा विषय निघत नाही, कारण शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते.

त्वचादानाचं थोडक्यात सांगते. भाजलेल्यांच्या जखमा झाकायला, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, घरी येऊन, मांड्यांची आणि पाठीची वरची पातळ कातडी काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, ती ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकते. पुण्यात नेत्रदानाचे फॉर्म लोक आनंदानं भरतात, त्वचेचं नाव काढलं की गप्प होतात. इथं संघटनेनं मराठीत, घरोघरच्या भाषेत बोलायला हवं.

माझ्या म्हणण्याला विरोध आहे आणि तो नुसता अहंकारातून आलेला नाही. एक ज्येष्ठ प्लास्टिक सर्जन, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, मला म्हणाले, "तुमची कळकळ समजते, पण शास्त्रीय संघटनेचं काम उपचारांचा दर्जा ठरवणं आहे. कोणता ग्राफ्ट कधी लावायचा हे मतदानानं ठरत नाही. सगळ्यांना घेतलंत तर पाच वर्षांत तिथं पगार आणि रजांवर भांडणं होतील." यातलं पहिलं मला मान्य आहे. ग्राफ्ट कधी लावायचा हे ज्याला ग्राफ्ट लावता येतो त्यानंच ठरवावं, त्यासाठी तज्ज्ञांची वेगळी समिती असावी, आणि तिच्या निर्णयात माझ्यासारखीनं ढवळाढवळ करू नये. दुसरं मात्र मला पटत नाही. अमेरिकेतल्या संघटनेत आज नर्स, फिजिओ, समाजसेवक आणि अग्निशमन दलातले जवानसुद्धा सभासद आहेत. त्यामुळे तिचं शास्त्र पातळ झालेलं नाही. आणि रजांचं म्हणाल तर रजा हा उपचाराचाच प्रश्न आहे. एका सिस्टरवर पंधरा पेशंट असतील तर ड्रेसिंग घाईत होतं, आणि घाईत झालेल्या ड्रेसिंगमध्ये जंतू शिरतो. वॉर्डात किती माणसं हवीत हे सांगणारं मानक संघटनेनं काढायचं नाही तर कुणी?

मी स्वतः एका परिषदेला गेले होते. फिजिओथेरपीचं सत्र शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला ठेवलं होतं. मी हाताच्या स्प्लिंटविषयी, म्हणजे हात आखडू नये म्हणून बांधायच्या आधाराविषयी, बोलायला उभी राहिले तेव्हा समोर अकरा माणसं होती, बाकीचे परतीच्या प्रवासाला लागले होते. आमच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर तर येऊच शकल्या नाहीत. त्यांना ड्युटी लीव्ह मिळाली नव्हती आणि नोंदणी शुल्क त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ते माझ्यासाठी नव्हतं. भाजलेल्या हाताचं पुढं काय होतं, याबद्दल त्या सभागृहात सगळ्यात जास्त जे सांगू शकल्या असत्या त्या पुण्यात रात्रपाळी करत होत्या.

ज्या शहरात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली सेवासदन निघालं आणि त्यांनी घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, लोक नावं ठेवत असताना धाडलं, त्या शहरानं हा प्रश्न देशापुढं मांडायला हवा, असं मला फार वाटतं.

सुरुवात म्हणून मी स्वतःपुरतं एक ठरवलं आहे. संघटनेनं मागितल्या नसल्या तरी मी माझ्या पन्नास सह्या गोळा करते आहे. ज्यांचे सांधे मी हलवले, ज्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्यांच्या घरी जाते, कागद समजावून सांगते आणि पटलं तरच सही घेते. सगळे सापडत नाहीत. काहींनी घरं बदलली, काहींच्या सासरी ते नावच काढायचं नसतं. गेल्या महिन्यात हडपसरला एकीकडे गेले होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिकटली होती, ती नंतर मोकळी केली होती, आता ती शिलाईकाम करते. कागद तिनं दोनदा वाचला. पन्नास सह्यांचं समजलं, मग तिनं विचारलं, "तुमच्या संघटनेत मला सभासद होता येतं का?" मी सांगितलं की अजून तरी नाही, तिथं फक्त शिकलेली, उपचार करणारी माणसं असतात, पण आम्ही तेच मागतो आहोत. मी खाली एक मसुदा जोडला होता, पुढं कधी असा अर्ज झाला तर कसा असावा याचा. नाव, पत्ता, वय, आणि मग 'अर्हता'. त्या शब्दापाशी ती थांबली. अर्थ सांगितल्यावर तिनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं, पेन त्याच हातात धरलं आणि म्हणाली, "मग इथं लिहू का, बेचाळीस टक्के?"